आयर्न मॅनचं चिलखत कधी 'ब्रेकडाउन'ला जातं का?

तेलकट बाह्या

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधी पार्श्वभूमी.

बावीस वर्षं हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्समध्ये काढली. म्हणजे रात्री दोनला फोन येतो, "रॅम वर जात नाहीये," आणि मी पाने गोळा करून निघतो. (रॅम म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा, दाब देणारा भाग.) कॉमिक्स आयुष्यात वाचली नाहीत. भाची मेकॅनिकलला आहे. तिने सुट्टीत आयर्न मॅनचे चित्रपट एकापाठोपाठ एक दाखवले आणि शेवटी म्हणाली, "मामा, हा तुमच्यातलाच आहे."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आहे का हा आमच्यातला?

२००८ च्या पहिल्या चित्रपटात होता, हे कबूल. बुटांची चाचणी घेताना जोर जास्त लागतो आणि गडी जाऊन छताला थडकतो. शेजारी तो यांत्रिक हात फायर एक्स्टिंग्विशर घेऊन टपलेला, आग नसताना फवारा मारणारा. असा एक हेल्पर प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. नंतर खूप उंच गेल्यावर चिलखतावर बर्फ धरतो, सगळं बंद पडतं आणि आतला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, धोंड्यासारखा खाली येतो. तिथे मी टाळी वाजवली. ही खरी चूक! टेबलावर बसून ती सुचत नाही. यंत्र बाहेर काढलं की पहिल्याच दिवशी दत्त म्हणून उभी राहते.

पण पुढे पुढे काय? २०१८ उजाडेपर्यंत छातीवरच्या डबीतून नॅनो-कण पाझरतात आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत चिलखत तयार. सील नाही, होज नाही, फिल्टर नाही, ग्रीस नाही. मग त्याला इंजिनिअर कशाला म्हणायचं, मांत्रिक म्हणा की.

माझा राग कुठून येतो ते सांगतो. सर्व्हो व्हॉल्व्ह म्हणजे तेल किती आणि कुठे जाईल ते ठरवणारी झडप. तिच्या आत स्पूल नावाचा एक दांडा सरकतो. तो आणि त्याच्या भोवतीची बाही यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. एकदा नव्या होज बसवल्यावर मी लाइन नीट फ्लश केली नाही. घाई होती, दुसरं काही नाही. होज कापताना राहिलेला रबराचा कण थेट स्पूलमध्ये जाऊन बसला. ऑपरेटरने दोन्ही बटणं सोडली, तरी रॅम खाली येतच राहिला. सावकाश, अजिबात आवाज न करता. त्याचा हात आत नव्हता, एवढंच. मी तो व्हॉल्व्ह उघडला तेव्हा कण शोधायला भिंग लागलं.

आता हाच व्हॉल्व्ह माणसाच्या कोपरावर बसवलाय अशी कल्पना करा. तेव्हापासून चिलखत घातलेला माणूस पडद्यावर दिसला की मी त्याच्या कोपराकडेच बघतो.

तर प्रश्न असा: मूळ कॉमिक्समध्ये चिलखत यंत्रासारखं बिघडल्याची एखादी गोष्ट आहे का? शत्रूने ठोसा मारून फोडलं, ते नको. नियंत्रण सुटलं, चार्ज संपला, डिझाइन चुकलं, आणि त्याचं उत्तर याला स्वतःला द्यावं लागलं, असं काही. अंक क्रमांकासकट सांगा, भाचीला कामाला लावतो.

वाळवी

बाह्यासाहेब, तुम्ही चुकीच्या दारातून आत शिरलात. चित्रपट बाजूला ठेवा आणि सुरुवातीला जा. तिथे तुम्हाला हवं तेवढं तेल, घाम आणि काळजी मिळेल.

पहिली गोष्ट 'टेल्स ऑफ सस्पेन्स'च्या ३९ व्या अंकात, मार्च १९६३. स्टॅन ली यांचं कथासूत्र, लॅरी लीबर यांची पटकथा, डॉन हेक यांची चित्रं, आणि मुखपृष्ठावरचं ते करडं, बॉयलरसारखं चिलखत जॅक कर्बी यांचं. व्हिएतनाममध्ये कैद झालेला शस्त्रास्त्रांचा कारखानदार, छातीत बॉम्बची कपची, ती हृदयाकडे सरकतेय. सोबत इन्सेन नावाचा वृद्ध शास्त्रज्ञ कैदी. दोघं मिळून चिलखत बांधतात, आणि त्यातली छातीवरची पाटी कपचीला रोखून धरते. (अफगाणिस्तान वगैरे नंतरचं. काळ सरकला तशी लेखकांनी लढाई बदलली.)

त्या काळी जादूचा शब्द होता ट्रान्झिस्टर. दर दोन पानांमागे ट्रान्झिस्टर. हसू येतं, पण त्यासोबत एक फार चांगली गोष्ट आली: याला चार्जिंग करावं लागायचं. लोखंडी पुतळा हवेत उडतोय, आणि घरी आल्यावर कोटाच्या आतून वायर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावून बसलाय, कारण छातीवरची पाटी उतरली तर हृदय बंद. बाकीच्या सुपरहीरोंना शत्रू शोधावे लागतात, याला नुसती पिन शोधावी लागायची.

४० व्या अंकात करड्याचा सोनेरी झाला. ४८ व्या अंकात, म्हणजे डिसेंबर १९६३ मध्ये, स्टीव्ह डिटको यांनी तांबडं-सोनेरी, अंगाला बसणारं आणि हलकं चिलखत दिलं. मला विचाराल तर इंजिनिअर म्हणून त्याचं पहिलं खरं काम ते. वर्षाच्या आत वजन उतरवलं.

आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. १९७९, 'आयर्न मॅन'चा १२४ वा अंक. लेखन डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन यांचं, चित्रं जॉन रोमिटा ज्युनिअर यांची. जस्टिन हॅमर नावाचा प्रतिस्पर्धी धनाढ्य दुरून चिलखताचा ताबा मिळवतो. कॅमेऱ्यांसमोर, एका देशाचा राजदूत पुढ्यात उभा असताना, आयर्न मॅनच्या हातातलं किरणांचं अस्त्र, रिपल्सर, आपोआप सुटतं. राजदूत जागच्या जागी ठार. हात टोनीचा, पण आज्ञा टोनीची नाही. तुमचा रॅमच तो! ही मालिका १२८ व्या अंकात त्याच्या दारूच्या व्यसनापाशी जाऊन पोचते आणि लोकांना तेवढंच आठवतं. बाटली आठवते, व्हॉल्व्ह आठवत नाही.

दुसरं, १९८७-८८ मधली 'आर्मर वॉर्स', २२५ व्या अंकापासून पुढे. याला कळतं की त्याची रचना चोरीला गेली आणि भलत्यासलत्यांच्या चिलखतांत बसली आहे. मग स्वारी एकेकाला गाठून ते भाग निकामी करत सुटते. त्यात स्टिंगरे नावाच्या सज्जन माणसाला बडवतो आणि नंतर कळतं, त्याच्या पोशाखात याचं काहीच नव्हतं. सरकारी पहारेकऱ्यांनाही सोडत नाही. ग्रेमलिन नावाचा रशियन तर स्वतःच्या टायटॅनियमच्या चिलखतात जळून मरतो. मला हा टोनी अजिबात आवडत नाही, पण खोटा वाटत नाही.

जाता जाता: सत्तरच्या दशकाच्या मध्यावर काही काळ त्याच्या मुखवट्याला नाक होतं. हो, धातूचं नाक. तेही डिझाइन फेल्युअरमध्ये धरायला हरकत नाही.

शंकासूर

नाकावरून भांडण काढणार होतो, पण त्यापेक्षा हिशेब करतो. (सवय. माझ्यासोबत कोणी सिनेमाला येत नाही.)

माणूस अधिक चिलखत मिळून १५० किलो धरा. फारच उदार होतोय, पण असो. एका जागी तरंगायला साधारण १,४७० न्यूटन जोर खाली मारावा लागेल. दोन्ही बूट आणि दोन्ही तळहात मिळून भोकांचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बऱ्यापैकी रुंद. तेवढ्या वाटेने हवा ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे फेकली तर माणूस अधांतरी राहतो. लागणारी शक्ती सुमारे ११५ किलोवॅट, दीडशे हॉर्सपॉवर. तीही कुठे काहीच वाया जात नाही असं धरून.

आता लिथियम-आयन बॅटरी. किलोमागे पाव युनिट वीज. वीस किलोची पाठीवर बांधली तर पाच युनिटं. तरंगणं अडीच मिनिटं. त्यात ठोसे, किरण, घोषणा काही नाही. नुसतं तरंगणं.

विमानाच्या इंधनात किलोमागे याच्या चाळीसपटीहून जास्त ऊर्जा असते. म्हणूनच जो माणूस खरोखर असा उडतो, ब्रिटनचे रिचर्ड ब्राउनिंग, तो हातांवर आणि पाठीवर छोटी जेट इंजिनं बांधतो. एकूण हजारावर हॉर्सपॉवर, आणि उड्डाण काही मिनिटांचं. २०१९ मध्ये त्यांनी ताशी १३६ किलोमीटरचा विक्रम केला. आणि त्यांच्या अंगावर चिलखत नाही, हे लक्षात घ्या. चिलखत घातलं की उडायचं राहिलं.

पण ऊर्जा हा सोपा प्रश्न झाला. लेखकाने छातीत अणुभट्टी बसवली की सुटला. न सुटणारा प्रश्न आतल्या माणसाचा. ताशी १८० किलोमीटरने हे महाशय काँक्रीटवर येऊन आदळतात. धातूला पोचा पडत नाही, छान. आत पाच सेंटिमीटर गादी आहे समजा. मग तेवढ्या पाच सेंटिमीटरमध्ये शरीराला थांबायचं आहे. हिशेब येतो अडीच हजार जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजारपट.

तुलनेसाठी: डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटच्या घसरगाडीवर बसून ताशी हजार किलोमीटरवरून दीड सेकंदाच्या आत शून्यावर आले. ४६ जी. वाचले, पण डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही काळ दिसेनासं झालं. आणि तो माणूस पट्ट्यांनी आवळून, तयारीनिशी बसला होता.

चिलखत जितकं कडक, तितका आत मुरंबा. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळतो तो उगाच नाही.

तेलकट बाह्या

वाळवी, साष्टांग. १२४ वा अंक मागवलाय, आणि ३९ वाही. शंकासूर, मुरंब्याबद्दल तुमचा निषेध, पण हिशेब पटला.

तुमच्या प्रतिसादांवरून एक जुनी गोष्ट आठवली, ती इथे सांगायलाच हवी. पहिली गोष्ट १९६३ ची म्हणालात ना? त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने सैन्यासाठी खरंखुरं असं यंत्र बांधायला घेतलं. नाव हार्डिमन. आमच्या धंद्यातली माणसं त्याचे फोटो बघून हळहळतात. हायड्रॉलिक सांगाडा, माणूस आत उभा, वजन सुमारे ६८० किलो, आणि तेवढंच वजन त्याने उचलावं अशी अपेक्षा. माणसाच्या ताकदीच्या पंचवीसपट.

गाडं अडलं ते फीडबॅकवर. तुम्ही हात हलवला की यंत्र मागून हलतं, ते हललं की तुमच्या हाताला ढकलतं, त्या ढकलण्याला यंत्र पुन्हा तुमची आज्ञा समजतं. प्रेसवर आम्ही याला हंटिंग म्हणतो. गेन, म्हणजे आज्ञेला यंत्र किती जोरात प्रतिसाद देतं ते, थोडा जास्त चढला की रॅम जागच्या जागी थरथरायला लागतो, पाइप गातात. प्रेसवर ते ऐकू आलं की बटण दाबायचं. इथे पाइपांच्या जागी मांड्या आणि खांदे. सगळं एकदम चालू केलं की यंत्र आडदांडपणे झटके द्यायचं, त्यामुळे माणूस आत घालून ते पूर्ण ताकदीने कधी चालवलंच नाही. शेवटी एक हात तेवढा चालला. त्याने ३४० किलोच्या आसपास उचललं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रकल्प गुंडाळला.

एक हात! पण मला तो एक हात सगळ्या नॅनो-कणांपेक्षा प्यारा आहे. कारण त्यांनी सांधेन्‌सांधा जोडून पाहिला, झटके मोजले आणि कबूल केलं की यात माणूस घालायचा नाही.

नंतर २०१३ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांनीही असा पोशाख करायला घेतला होता. सगळीकडे 'आयर्न मॅन सूट' म्हणून गाजावाजा. २०१९ मध्ये तो प्रयत्नही थांबला, पूर्ण पोशाख काही झाला नाही.

गुडघेदुखी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याला इजा झालेल्या पेशंटना एक्सोस्केलेटनमध्ये, म्हणजे अंगावर बांधायच्या यांत्रिक सांगाड्यात, उभं करणं हे माझं रोजचं काम. तुम्ही सगळे कोपर, बॅटरी आणि काँक्रीटवर बोलताय. जरा गुडघ्याकडे या.

दाराची बिजागरी एका खिळ्याभोवती फिरते. गुडघा तसा फिरत नाही. वाकताना मांडीचं हाड नडगीवर लोळतं आणि घसरतंही, त्यामुळे फिरण्याचा मध्य जागा बदलत राहतो. यंत्राचा गुडघा मात्र बहुतेक वेळा साधी बिजागरी. दोघांचा मध्य जुळला नाही की दर पावलाला पट्टा नडगीवर किंचित वर-खाली सरकतो. किंचितच. पण पाचशे पावलांनंतर तिथे लाल पट्टा उमटतो, आणि माझ्या पेशंटला कमरेखाली संवेदना नसते. त्याला ते कळत नाही. मला बघावं लागतं. प्रत्येक सेशननंतर पट्टे सोडायचे, पायमोजे काढायचे, नडगी, टाच, कमरेची हाडं बघायची. दाबल्यावर लाली पांढरी पडते का? अर्ध्या तासात जाते का? नाही गेली तर आठवडाभर यंत्र बंद. एकदा फक्त मोज्याला पडलेल्या घडीमुळे टाचेला जखम झाली आणि ती भरायला दीड महिना लागला.

आणि खांद्याबद्दल तर बोलायलाच नको. हात वर केला की पाठीचं फावड्यासारखं हाडही सोबत फिरतं. कडक धातूची पाठ आणि छाती घालून डोक्यावर हात नेऊन दाखवावा कोणीही.

तेव्हा टोनी स्टार्कबद्दल मला एकच विचारायचं असतं: चिलखत उतरवल्यावर अंगावर वळ कुठे आहेत?

वाळवी, तुम्ही एक गोष्ट सांगायची राहिलात. १९८९ च्या सुमारास, २४२ व्या अंकात, कॅथी डेअर त्याला गोळी घालते आणि त्याचे पाय जातात. नंतर लक्षात येतं की चिलखताच्या आत असताना तो चालू शकतो. बाहेर व्हीलचेअर, आत उड्डाण. माझ्या एका पेशंटनेच मला हे अंक वाचायला दिले होते. पुढे मणक्यात चिप बसवून लेखकांनी प्रकरण मिटवलं, ते मला घाईचं वाटलं. तिथे आणखी रेंगाळायला हवं होतं.

आणि चाललेलं यंत्र पाहायचंय तर ते युद्धात शोधू नका. जपानच्या सायबरडाइन कंपनीचं 'हॅल' त्वचेवरचे विजेचे बारीक संकेत टिपून पाय हलवतं. 'रिवॉक' नावाच्या अशाच यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये घरगुती वापरासाठी मान्यता मिळाली. त्यात चालताना हातात कुबड्या लागतात, वेग रमतगमत. पण बारा वर्षांनी उभा राहिलेला माणूस सर्वांत आधी काय करतो, माहितीये? समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघतो. इतकी वर्षं मान वर करून बोलत असतो ना.

वाळवी

२४२ विसरलो, कान पकडतो. चिप घाईने बसवली याला शंभर टक्के सहमत.

तेलकट बाह्या

३९ वा अंक वाचून झाला. भाचीने पुनर्मुद्रण आणून दिलं.

मंडळी, माझा प्रश्नच मोडीत निघाला. पहिल्याच गोष्टीत उत्तर आहे आणि तुम्ही कोणी सांगितलं नाहीत! (वाळवी, तुम्हाला माहीत होतं. मुद्दाम नाही सांगितलंत.) चिलखत बांधून झालंय, टोनी आत पडलाय, जनरेटर चालू आहे, पण चार्जिंग अजून पूर्ण झालेलं नाही. बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल. आणि इन्सेन निघतो. थोडा वेळ मिळावा म्हणून तो त्यांच्या अंगावर जातो आणि गोळ्या खातो. आत हा पडून आहे, हलता येत नाही, कारण काटा अजून वर चढलेला नाही.

थंडीत प्रेस चालू करताना तेल गरम होईपर्यंत थांबावं लागतं. सुपरवायझर डोक्याशी उभा, प्रॉडक्शनचा माणूस घड्याळ दाखवतोय, आणि तुम्ही काट्याकडे बघत बसलाय, कारण थंड तेलावर लोड दिला तर पंप जाईल. ती पंधरा मिनिटं मला ठाऊक आहेत. माझ्या पंधरा मिनिटांसाठी कधी कोणी मेलं नाही, ते सोडा. पण ज्याने कोणी ते पान लिहिलं, त्याने कधीतरी काट्याकडे बघत वाट पाहिली असणार. भाचीला म्हटलं, आहे, हा आमच्यातलाच आहे. निदान त्या पानापुरता.

१२४ वा अंक रविवारी मिळेल.

गुडघेदुखी ताई, तुमच्याकडून एक माहिती हवी होती. तुमच्या त्या यंत्राला इमर्जन्सी स्टॉप कुठे असतो? आणि तो कोणाच्या हातात, तुमच्या की पेशंटच्या?

गुडघेदुखी

आमच्या यंत्राला दोन आहेत. एक पाठीच्या पेटीवर, तिथवर मीच पोचू शकते. दुसरं वायरने जोडलेलं, तेही सुरुवातीला माझ्याच हातात. पेशंटचा तोल बसला की त्याच्याकडे देते. मघाशी म्हटलं तो कॉमिक्सवाला पेशंट, त्याने बटण हातात आल्या आल्या पाच वेळा दाबून पाहिलं. दर वेळी यंत्र थांबलं. मी वैतागले होते.

तेलकट बाह्या

बरोबर केलं त्याने. आम्ही दर शिफ्टला दाबून बघतो.